हौदातला चुना

म्हशीनं गव्हाणीतनं तोंड वर काढलं आणि माझ्याकडं बघितलं. चारा पुढ्यात असताना जनावर मालकाकडं बघायला लागलं की समजावं, काहीतरी चुकलं आहे. मी तिच्या मानेवर हात ठेवून तोंड खाली दाबलं. तिनं फुरफुर केली, एक पाय मागं घेतला आणि परत माझ्याकडं बघितलं.

“भूक न्हाई तिला,” मी म्हणालो.

“मग सकाळी पेंड चाटून-पुसून कशी खाल्ली?” मागून बायको म्हणाली. ती शेणाची पाटी कमरेला लावून उभी होती. “त्या चाऱ्याला वास येतोय. मी कालच म्हनले.”

“मुरघासाला वास येतोच. आंबवलेला चारा हाय तो, अत्तर न्हाई.”

ती पुढं काही बोलली नाही, पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली. ती भांडते तेव्हा मला बरं वाटतं. गप्प बसते तेव्हा बहुतेक तिचंच खरं असतं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी मूठभर चारा उचलून नाकाला लावला. आंबूस वास नव्हताच. पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचं दार उघडल्यावर जो वास तोंडावर येतो, तो होता. चारा हाताला कोमट लागत होता. मूठ सोडली तर बोटांना कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी चिकटून राहिलं.

म्हस आठव्या महिन्यात होती. तिच्या पोटात रेडकू होतं, आणि त्या रेडकावर माझा गोठा उभा होता. ते कसं, हे आधी सांगावं लागेल.

माझा मुलगा हिंजवडीकडं कंपनीत कामाला आहे, भूगावात फ्लॅट घेऊन राहतो. आमचा गोठा रस्त्याला लागून आहे. पूर्वी त्या रस्त्यानं बैलगाड्या जायच्या तेव्हा गोठ्याकडं कुणी बघत नव्हतं. आता मोटारीतली माणसं काच खाली घेऊन विचारतात, “ही जागा तुमचीच का?” मुलगा दर रविवारी येतो आणि दर रविवारी तेच काढतो.

“रोडला लागून गोठा कोण ठेवतं, आबा? ओळीनं खोल्या निघतील.”

“खोल्या दूध देत न्हाईत.”

“भाडं देतात.”

“भाड्याचं दही लागतं का?”

त्याच्या आईला हसू यायचं आणि विषय तिथं थांबायचा. पण मागल्या खेपेला म्हशीनं अर्ध्यातच रेडकू टाकलं. त्यानंतर दूध नाही, रेडकू नाही, नुसतं खाणं. तेव्हा मुलगा रविवारी आला तो बसलाच नाही. उभ्यानं म्हणाला, “आबा, एक बोली करू. यंदा ही सुखरूप व्याली, रेडकू जगलं, तर तुमी हाय तवर गोठ्याचं नाव काढणार न्हाई. न्हाई जगलं तर म्हस विकायची आन मला काम सुरू करू द्यायचं.”

बायको मागून डोळ्यांनी खुणावत होती, बघू म्हणा, बघू म्हणा. मी जन्मात कधी ‘बघू’ म्हणालेलो नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. मास्तरांनी चूक नसताना कान पिरगळला म्हणून उठून घरी आलो तो परत गेलो नाही. अशा माणसाला बोली लावली की तो हात पुढं करतोच.

“ठरलं,” मी म्हणालो.

नेमकं त्याच साली भात कापून आडवं पडलं आणि वरून पाऊस आला. आमच्या मुळशीत पाऊस निरोप घेऊन उंबऱ्यापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. पेंढा भिजला, काळा पडला. काळा पेंढा म्हशीला घालायचा नसतो. शेपटीचा गोंडा झडतो, कानाची टोकं वाळतात, खुरांच्या वर भेगा जातात. हे मी माझ्या बापाच्या गोठ्यात डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्यामुळं सगळा पेंढा बांधाला नेऊन पेटवला. आता उन्हाळाभर गाभण म्हशीला घालायचं काय?

जवळच चांद्याला आमचे एक सोयरे आहेत, त्यांच्याकडं मुरघास बघितला होता. मका दाण्यात चीक भरला की कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात तुडवून तुडवून भरायची, वरून कागद आणि माती टाकून दीड-दोन महिने तोंड बंद ठेवायचं. चारा आंबतो आणि टिकतो. मी सोयऱ्यांना काही विचारलं नाही. बघितलं आणि आलो. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग उन्हाळाभर मीच कसं सांगितलं म्हणून गावभर सांगत बसले असते.

घरी येऊन भाताच्या शेतात मका पेरला. खड्डा खणायची गरज नव्हती. घरामागं विटांचा जुना हौद होता. त्याला चिरा गेल्या होत्या, पाणी ठरत नव्हतं. त्यात आम्ही दोघांनी मका भरला. मी पायानं तुडवायचो, बायको वरून कुट्टी ओतायची. प्रत्येक थराला मीठ आणि गुळाचं पाणी. सोयऱ्यांकडं तसंच बघितलं होतं. भरून झाल्यावर कागद घातला, माती टाकली, दगड ठेवले, आणि येईल त्याला मी हौद दाखवायला लागलो.

मुलगा आला तेव्हा त्यालाही दाखवला. तो म्हणाला, “आबा, लोणचं घातलंय का?”

“लोणचंच. तुज्या म्हशीचं.”

“माजी न्हाई ती. तुमची.”

पुढं हौद उघडला तेव्हा मधला चारा सोन्यासारखा निघाला. पिवळट हिरवा, ताकासारखा आंबूस. मी चिमूट जिभेवर ठेवून बघितली. म्हशीनं पहिल्या दिवशी गव्हाण चाटून काढली. मी बायकोला सांगितलं, “कडंकडंचं आधी काढत जा. मधला मागं ठेव, उन्हाचा उपयोगी पडंल.” आणि तिनं तसंच केलं. म्हणजे गेले काही दिवस म्हशीच्या पोटात हौदाच्या कडेचाच चारा जात होता.

तर त्या दिवशी मी मूठ झटकली आणि हौदावर गेलो. कागद उचलला. मध्ये सगळं ठीक होतं. पण चारी बाजूंच्या भिंतींना लागून हातभर रुंदीचा पट्टा पांढरा-हिरवा पडला होता, शिळ्या भाकरीला चढतो तसा. हात घातला तर आत ऊब. जिथं चीर होती तिथं बुरशीचे गोळेच झाले होते.

मी खोऱ्यानं तो पट्टा उकरून उकिरड्यावर टाकायला लागलो. बायको आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

“डाक्टरला बोलवा.”

“कशाला? चारा बंद केला, झालं. दोन दिवस हिरवं गवत घालू.”

“पोटात गेलंय त्याचं काय?”

“म्हशीचं पोट हाय. माणसाचं न्हाई.”

खरं कारण वेगळं होतं. डॉक्टर आला की गाव विचारणार, आणि गावानं विचारलं की भूगावापर्यंत जाणार. मी बांधावरचं कोवळं गवत कापून आणलं. म्हशीनं दोन घास घेतले आणि सोडले. रवंथ थांबला होता. मी कानाला हात लावला, कान गार होते. दिवसभर मी गोठ्यातनं हललो नाही. कुणी रस्त्यानं गेलं की उगाच दावं सोडून परत बांधायचो, म्हणजे मी कामात आहे असं दिसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शेपटी वर धरली. मागं बळस, म्हणजे चिकट स्रावाची तार, लोंबत होती, काचेसारखी नाही, लालसर. मागल्या खेपेला असंच सुरू झालं होतं.

मी गोठ्याच्या दारातनं ओरडलो, “फोन लाव!”

“लावलाय कवाच,” चुलीपाशी बसलेली बायको म्हणाली. “बाई निघाली बी आसंल.”

“कुणाला इचारून?”

“म्हशीला.”

डॉक्टरीणबाई स्कूटरवर आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या असतील. त्यांनी आल्या आल्या मला बाजूला केलं आणि कोपरापर्यंत हातमोजा चढवला. आत हात घालून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कुणाच्या तोंडातनं शब्द निघायची एवढी वाट मी कधी बघितलेली नाही.

“पिशवीचं तोंड बंद आहे,” त्या म्हणाल्या. मग हात अजून आत सारला. मग, “हं. पाय मागं ओढला त्यानं. जिवंत आहे.”

बायकोनं तिथंच हात जोडले.

“पण बाबा, मी आज काही सांगत नाही. कळा थांबायला इंजेक्शन देते. पुढचे काही दिवस तिला उठवायचं नाही, चालवायचं नाही. आणि काय खायला घातलंत ते मला दाखवा.”

मी म्हणालो, “पेंड.”

“आणि?”

“आन काय... चारा.”

“मुरघास,” बायको म्हणाली. “चला, दावते.”

त्याच वेळी रस्त्याला मुलाची मोटार थांबली. आईनं त्यालाही फोन केला होता. तो कामाच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी तशीच, आमच्यामागं हौदापाशी येऊन उभा राहिला.

बाईंनी हौदाच्या मधला थोडा चारा पिळून त्याचं पाणी एका कागदाच्या पट्टीला लावलं. पट्टी नारिंगी-तांबडी झाली. “हा छान आंबलाय,” त्या म्हणाल्या. मग कडेचा शिल्लक चारा पिळला. पट्टी निळसर हिरवी झाली. त्यांनी भुवई वर केली. वाकून भिंतीवरनं बोट फिरवलं. बोटाला पांढरं आलं. चाऱ्यातही पांढरे खडे होते, ते बोटांत चुरडून बघितले.

“हा चुना आहे. चुना कुणी टाकला?”

मला काहीच माहीत नव्हतं. मी बायकोकडं बघितलं. ती हौदाच्या कट्ट्याला हात लावून उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत होता. तेव्हा मला सगळं एकदम उमगलं.

आमच्याकडं पावसाळ्यात चपलेला केस येतात. पोत्यांना, पट्ट्याला, देवाच्या तसबिरीच्या मागं, सगळीकडं बुरशी. माझी बायको त्या सगळ्याशी एकाच हत्यारानं लढते. पाऊस उघडला की भिंतींना चुना, भाताच्या पोत्यांखाली चुना, मोरीत चुना. घरात देव्हारा एक आणि चुन्याचा डबा एक, दोन्हीला ती पाय लागू देत नाही. हौद भरायच्या आदल्या दिवशी मी मका कापायला गेलो होतो, तेव्हा तिनं हौद आतनं पोतारला होता, चिरांत चुना भरला होता. आणि भरताना मी खाली मान घालून तुडवत असताना ती कडेकडेनं मूठ मूठ चुना फेकत गेली होती. बुरशी कोपऱ्यातनंच शिरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या म्हशीसाठीच केलं होतं तिनं.

“मी टाकला,” मी म्हणालो.

बायकोनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मुलगा म्हणाला, “आबा! भिंत रंगवायची व्हती का चारा घालायचा व्हता?”

“चुन्यानं बुरशी मरती. माज्या घराच्या भिंती बघ. हाय का कुटं डाग?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, म्हणून मी त्यांचं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “बाबा, भिंतीचं तुमचं बरोबर आहे. भिंतीवर चुना एकटा असतो. जहाल असतो, बुरशी तिथं रुजत नाही. पण मुरघास टिकतो तो त्याच्या आंबटावर. मक्यातला गोडवा आंबला की आंबट तयार होतं. आत हवा नसली आणि वर आंबट असलं की बुरशीला जोर करता येत नाही. कडेला चिरांतनं हवा आलीच होती. आंबट असतं तर त्यानं थोडं तरी थोपवलं असतं. चुन्यानं ते आंबटच मारलं.”

“मग चुना व्हता ना राखणीला?”

“नाही ना. आंबटाला मारताना चुनाही मरतो. कडेला आंबट थोडं आणि चुनाही थोडा, दोघं एकमेकांत जिरून गेले. राखणीला कुणीच उरलं नाही.”

मला ते पटलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण पटलं नाही. दोन राखणदार ठेवले तर चोरी जास्त होते, हे कुणाला पटेल?

बाई गेल्या. जाताना मधला चारासुद्धा म्हस व्याल्याशिवाय घालू नका म्हणाल्या. मुलगा मोटारीपाशी थांबला. “बोली ती बोली, आबा.”

“मी फिरलोय का?”

“न्हाई. तुमी फिरत न्हाई, तीच तर अडचण हाय.”

तो गेल्यावर बायको घरात आली आणि हंडा दाणकन खाली ठेवला.

“तुमाला कुणी वकील नेमलं व्हतं?”

“काय झालं?”

“चुना मी टाकला. माज्या हातानं. तुमी कोन मदी?”

“माज्या गोठ्यात जे हुतं ते मीच केलेलं असतं.”

“मग शेण बी उद्यापास्नं तुमीच काढा.”

आणि तिनं खरंच दुसऱ्या दिवशी शेण काढलं नाही. मी काढलं. कमरेचे हाल झाले, पण बोललो नाही.

ते दिवस फार वाईट गेले. बळस थांबली, पण म्हस निम्मंच खायची. मी चारा शोधत बावधनच्या अंगापर्यंत जाऊन आलो. तिकडं आता बांधच राहिले नाहीत, गवत कुठलं? शेवटी सोयऱ्यांकडं गेलो. सोयऱ्यांनी कडबा दिला आणि सुनावलंही, “मुरघास जमला न्हाई व्हय पाव्हनं?” मी कडबा डोक्यावर घेतला. जिभेवर उत्तर होतं, ते गिळलं. त्या म्हशीपायी मी काय काय गिळलं त्याचा हिशोब नाही.

एकदा गोठ्यात बसून तंबाखू मळत होतो. लक्ष म्हशीच्या पोटाकडं, चुना जास्त झाला आणि ओठ भाजला. मी थुंकलो. बायकोनं ताकाचा पेला पुढं केला. आमच्या घरात हा जुना रिवाज आहे, चुना लागला की ताक. मी घोट तोंडात धरला, आग थांबली. आणि मी पेल्याकडं बघत राहिलो. तीही बघत राहिली.

“ताक चुन्याला मारतं,” मी म्हणालो.

“मारतं की. आजी-पणजीपास्नं मारतंय.”

“मग चुना बी ताकाला मारत असंल.”

ती पेला घेऊन उठली. “त्या बाईचं एवढं खरं मानायचं काम न्हाई,” म्हणाली. पण सांजेला तिनं लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन माझ्यापुढं ठेवल्या. “घाला. एकीत नुस्ता, एकीत चुन्याचा. बगू तरी.”

उशिरा पेरलेला मक्याचा एक पट्टा अजून हिरवा होता. त्याचीच कुट्टी, तेच मीठ, तोच गूळ, दोन्हीकडं सारखं दाबून. एका बरणीत तिनं स्वतःच्या हातानं चुना घातला, मी घालतो म्हटलं तर देईना. तोंडाला फडकी बांधली, म्हणजे थोडी हवा दोघींनाही मिळावी. बरण्या फळीवर ठेवल्या. मग रोज जाता-येता आम्ही आधी म्हशीकडं बघायचो आणि मग फळीकडं. एकमेकांकडं कमीच.

म्हस व्यायच्या आधी बरण्या उघडल्या. नुसतीच्या तोंडाशी थोडं काळपट होतं, पण खाली चारा स्वच्छ, आंबूस, नाकात झणका देणारा. चुन्याच्या बरणीवर लोकरीसारखी पांढरी साय आली होती, मध्ये मध्ये हिरवी भुकटी, आणि फडकं काढताच तोच बंद खोलीचा वास.

बायकोनं दोन्ही बरण्या आलटून पालटून बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

“भांड्यातच काय तरी आसंल,” ती म्हणाली.

“दोन्ही तुज्याच बरण्या.”

“म्हनून काय झालं?” तिनं चुन्याची बरणी उचलून उकिरड्यावर नेली, फोडली आणि वर राख टाकली. मला वाटतं, तिला ती धुवायचीसुद्धा नव्हती.

मी आनंद मानला नाही. बरणीत जे वाढलं होतं तेच म्हशीच्या पोटात गेलं होतं, आणि आता ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

दिवस भरायला थोडं बाकी असताना एका सकाळी मुलगा आला. बरोबर एक माणूस होता, हातात मापाचा फीता. मला रामराम करून तो माणूस गोठ्याच्या भिंतीला फीता लावायला लागला.

“हे काय?” मी म्हणालो.

“नुस्तं माप घेतोय, आबा. माप घेतल्यानं भिंत पडत न्हाई.”

“म्हस आत हाय.”

“म्हशीचं माप न्हाई घेत.”

मी काठी शोधत होतो. काठी सापडायच्या आधी आतनं आवाज आला. म्हस बसून कण्हत होती आणि मागं पाण्याची पिशवी फुटून जमीन भिजली होती. दोन पिवळे खूर बाहेर दिसत होते.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या गावात अडकल्या होत्या, निघते म्हणाल्या. खूर बाहेर येईनात. म्हशीनं जोर केला की यायचे, सोडला की आत जायचे. मी गुडघ्यावर बसून धरले, पण निसटत होते. माझ्या हातांत आता पूर्वीचा दम नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण त्या वेळी हातांनीच सांगितलं.

“सरका,” मुलगा म्हणाला. त्यानं बूट काढले नाहीत, बाह्या सारल्या नाहीत, तसाच शेणात बसला. आईनं त्याला कोरडं फडकं दिलं. त्यानं खुरांना गुंडाळलं.

“कळ आली की वड,” मी म्हणालो. “खालच्या अंगाला वड. सरळ न्हाई, खालच्या अंगाला. आता थांब. थांब म्हनतो ना! आता वड.”

नाक दिसलं. जीभ बाहेर, निळी. मग डोकं, आणि मग सगळं एकदम त्याच्या मांडीवर येऊन पडलं. हललं नाही.

मापाचा फीता धरून तो माणूस दारात उभा होता.

“गेलं?” मुलानं विचारलं. त्याचा आवाज लहानपणीसारखा आला.

“नाकातलं काढ. बोटं घाल, काढ. मागले पाय धरून उलटं कर.” त्यानं केलं. नाका-तोंडातनं चिकट पाणी गळलं. “खाली ठेव. काडी घाल नाकात.” बायकोनं कडब्याची काडी दिली. मी फडक्यानं बरगड्या घासत होतो, जोरानं, कातडं निघेल एवढ्या. घास, घास. काही नाही. मुलानं काडी अजून आत सारली.

रेडकू शिंकलं.

ती शिंक मुलाच्या तोंडावर उडाली. तो मागं सरकला आणि तिथंच भिंतीला टेकून बसला, शर्टावर सगळं लडबडलेलं. रेडकानं मान उचलली, टाकली, परत उचलली. म्हस उठली आणि चाटायला लागली.

बऱ्याच वेळानं मुलानं वाकून बघितलं. “रेडा हाय, आबा.”

दारातला माणूस म्हणाला, “अरेरे. रेडी असती तर...”

“बोली काय व्हती?” मी मुलाला विचारलं.

“जगायची.”

“मग? हितं रेडा-रेडी कुटं आलं?”

मुलानं त्या माणसाला खूण केली. फीता सर्रकन आपल्या डबीत गेला. माणूस म्हणाला, येतो मग. कुणी त्याला थांब म्हणालं नाही.

बायकोनं मुलाच्या हातावर पाणी ओतलं. ओतता ओतता म्हणाली, “त्यो चुना मी टाकला व्हता हौदात. आबांनी न्हाई.”

“म्हाईत हाय मला,” तो हात चोळत म्हणाला. “आबा चुना फकस्त तंबाखूत टाकत्यात.”

“मग तवाच का बोलला न्हाईस?”

“एवढ्या वर्षांत पयल्यांदा आपली चूक हाय म्हनत व्हते. कशाला मोडू?”

दोघं हसले. मी हसलो नाही. माझं खोटं एवढं पातळ होतं की पहिल्या दिवशीच आरपार दिसलं, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. रेडकू अशक्त आहे, चीक वेळेवर पाजा, बेंबीला औषध लावा म्हणाल्या. आधीच्या चाऱ्यानं अजून काही निघेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बघत राहायचं. मी अजून बघत असतो. रोज सकाळी त्याच्या कानांची टोकं आणि शेपटीचा गोंडा हातानं चाचपतो. त्याला ते आवडत नाही, डोकं मारतं.

यंदा हौदाच्या चिरा सिमेंटनं बुजवल्या आणि आतनं सगळीकडं जाड कागद लावला. मुलगा तुडवायला आला होता. बायको कट्ट्यावर बसून होती, दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. रेडा मोठा झाला की काय करायचा, असं येणारा-जाणारा विचारतो. रेड्याला कोण पोसतं, म्हणतात. मी त्यांना गोठा दाखवतो आणि सांगतो, हा त्याचा आहे, आम्ही त्याच्याकडं राहतो.